गूपी म्हणजे कोल्हे

गूपीसाहेबांच्या हातात हात दिला की तो लवकर परत मिळायचा नाही. माणूस सहा फुटांच्या वर, खांद्यात जरासा वाकलेला, साठीला टेकलेला. केस कधीकाळी तांबडे असावेत. मी पाहिले तेव्हा ते मक्याच्या वाळल्या कणसासारखे दिसायचे. समोरच्याचा हात तसाच धरून ठेवून ते त्याचं आडनाव दोनदा पुटपुटायचे आणि माझ्याकडे वळून विचारायचे, "याचा अर्थ काय?"

प्रश्न फ्रेंचमध्ये असायचा आणि तो मराठीत करणं हे माझं काम होतं. चाकणच्या औद्योगिक वसाहतीत गाड्यांच्या सीटचे सांगाडे बनवणारी आमची कंपनी. मालक फ्रेंच, मशिनं फ्रेंच, ड्रॉइंगं फ्रेंच आणि काम करणारी माणसं राजगुरुनगरपासून लातूरपर्यंतची. नवी वेल्डिंग लाइन उभी करायला गूपीसाहेब फ्रान्सहून आले आणि मी त्यांची दुभाषी म्हणून लागले. लाइन वर्षभरात उभी राहिली. साहेब मात्र चार वर्षं राहिले.

त्यांच्या नावाचे हाल पहिल्याच दिवशी गेटपासून सुरू झाले. वॉचमनकाकांनी इंग्रजी अक्षरं वाचून 'गौपिल' लिहिलं. ऑफिसात त्याचं 'गुपिल' झालं. साहेबांनी समजावलं की शेवटचं अक्षर फक्त लिहायचं, म्हणायचं नाही, म्हणायचं 'गूपी'. दुपारच्या चहापर्यंत शॉपवर, म्हणजे मशिनांच्या शेडमध्ये, ते 'गोपीसाहेब' झाले होते. वॉचमनकाकांनी तर गोपीनाथच गृहीत धरलं आणि "फ्रान्सात पण ठेवतात व्हय हे नाव?" असं मला कौतुकानं विचारलं. गोपी म्हणजे काय, हे साहेबांनी विचारल्यावर मी सांगितलं, गवळण. ते खूष झाले.

"जन्मभर इंजिनियर होतो," म्हणाले. "आता गवळण. उशिरा का होईना, बढती मिळाली."

पहिलं नाव त्यांना कोणी विचारलंच नाही.

त्या पहिल्या दिवशी त्यांनी मलाही विचारलं होतं. मी म्हटलं, "गायकवाड." त्यांनी पुटपुटून बघितलं, 'ड' त्यांना जमेना, आणि मग तोच प्रश्न. मी तुटकपणे म्हटलं, "माहीत नाही." मला राग आला होता. पण साहेब नवे, नोकरी नवी, म्हणून गप्प बसले.

साहेब सांगवीला राहायचे. कंपनीची गाडी त्यांना घेऊन यायची आणि मला कासारवाडीला स्टेशनजवळून उचलायची. तिथून चाकणपर्यंतचा रस्ता म्हणजे भरपूर गप्पांचा वेळ. महिनाभरानंतर एकदा ते गाडीतच म्हणाले, "मी आडनावाचा अर्थ विचारला की इथली काही माणसं हसतात आणि काही एकदम गप्प होतात. माझं काही चुकतंय का?"

त्यांनी विचारलंच होतं, म्हणून मी सांगून टाकलं. "इथे आडनाव विचारणं म्हणजे बऱ्याचदा जात विचारणं असतं."

"पण मी अर्थ विचारतो."

"तुम्ही अर्थ विचारता. पण ज्याला आयुष्यभर दुसरंच विचारलं गेलंय, त्याला तुमच्या प्रश्नात तेच ऐकू येतं. माझंच घ्या. गायकवाड म्हटलं की लोक तिथे थांबत नाहीत. 'कुठले गायकवाड?' म्हणतात. गाव सांगितलं तरी त्यांचं समाधान होत नाही. गायकवाड मराठ्यांत आहेत, आमच्यात बौद्धांत आहेत, आणखीही कितीतरी ठिकाणी आहेत. त्यांना माझा खण कोणता ते बघायचं असतं. माझे वडील पिंपरीला एका कारखान्यात होते. त्यांना कोणी विचारलं, कुठले गायकवाड, की ते म्हणायचे, 'कंपनीतले.'"

साहेब हसले नाहीत. नाशिक फाट्यापासून मोशीपर्यंत ते खिडकीबाहेर बघत होते. मग म्हणाले, "तुमचे वडील हुशार होते."

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी पद्धत बदलली. प्रश्न विचारणं बंद. आधी स्वतःबद्दल सांगायचं. हात धरायचा, छातीवर बोट ठेवायचं आणि माझ्याकडून घोकून घेतलेलं एकच मराठी वाक्य म्हणायचं: "मी कोल्हा." आणि थांबायचं. समोरच्याला वाटलं तर तो बोलेल, नाही वाटलं तर हवापाण्याचं बोलून सोडून द्यायचं. गंमत म्हणजे आता लोक जास्त सांगायला लागले. एवढा मोठा साहेब स्वतःला कोल्हा म्हणवून घेतोय म्हटल्यावर आपलं सांगायला काय हरकत आहे, असं त्यांना वाटत असावं.

आमचे सेफ्टी ऑफिसर होते आगलावे. कारखान्यात आग लागू नये म्हणून जो माणूस दिवसभर फिरतो त्याच्याच छातीवर 'आगलावे' असा बिल्ला, हे कळल्यावर साहेबांनी त्यांना चहाला बोलावून घेतलं. फ्रान्समधल्या त्यांच्या जुन्या कारखान्यात फायर ब्रिगेडच्या माणसाचं आडनाव 'बुआलो' होतं, म्हणजे 'पाणी पी'. "तुम्ही दोघं एकत्र असायला हवे होतात," साहेब म्हणाले. आगलावे तसे गंभीर गृहस्थ. पण त्या दिवसानंतर ते फायर ड्रिलच्या आधी स्वतःच म्हणू लागले, "मी आगलावे, आग विझवायला आलोय."

लाइनवर उकिरडे नावाचा ऑपरेटर होता. चांगला पोक्त, दोन मुलांचा बाप. तो आपलं आडनाव कधी पुरतं सांगायचा नाही, 'यू. के.' म्हणायचा. साहेबांनी कोल्हा म्हटल्यावरही तो नुसता हसला. पुढे एकदा चहाच्या वेळी आपणहून आला आणि मला म्हणाला, "मॅडम, साहेबांना सांगा माझंपण. पण हळू सांगा." मी सांगायला सुरुवात केली आणि मध्येच थांबले. कारण नुसतं 'कचऱ्याचा ढीग' म्हटलं असतं तर ते खोटं झालं असतं. मी सांगितलं, पूर्वी ज्या बाईची मुलं जगत नसत, ती नवं मूल झालं की त्याला क्षणभर उकिरड्यावर ठेवायची. म्हणजे नजर लागू नये, काळानं म्हणावं हे टाकलेलं पोर आहे, याला काय न्यायचं. मग त्याचं नावही उकिरडा ठेवायचे. यांच्या घराण्यात कोणीतरी असं नवसासायासानं जगलेलं मूल असणार.

हे मी फ्रेंचमध्ये सांगत होते तेव्हा उकिरडे माझ्या तोंडाकडे बघत होता. मग म्हणाला, "काय सांगितलं?" मी मराठीत सांगितलं. त्यालाही ते माहीत नव्हतं. साहेब उठले आणि त्यांनी त्याच्या दोन्ही गालांना गाल लावले, त्यांच्याकडच्या रीतीप्रमाणे. कँटीनमधले सगळे वळून बघायला लागले. मग कोणीतरी शिट्टी वाजवली. उकिरडे लाजून लाल झाला. पण त्यानंतर त्यानं 'यू. के.' म्हणणं सोडलं.

आडनावं कशी आली हे साहेब फार रंगून सांगायचे. फार पूर्वी त्यांच्याकडे माणसाला एकच नाव असायचं. गावात दहा-बारा जाँ झाले की पंचाईत व्हायची, कुठला जाँ? मग पुलाजवळचा जाँ, लोहार जाँ, ठेंगू जाँ, कोल्ह्यासारखा जाँ. तो जाँ मरून जायचा, पण पूल आणि कोल्हा त्याच्या नातवंडांना चिकटून राहायचे. पुढे पाद्री आणि सरकारी कारकून ते लिहून ठेवायला लागले आणि मग सुटका नाही. लोहाराचं पोर बेकरी चालवायला लागलं तरी ते लफेव्र, म्हणजे लोहारच.

त्यांचं एक आवडतं वाक्य होतं: नाव आईबापांकडून येतं, आडनाव शेजाऱ्यांकडून. ते मी मराठीत असं केलं, "आईबाप नाव ठेवतात, शेजारी नावं ठेवतात." टेबलावरचे सगळे हसले. साहेब चक्रावले. हेच वाक्य त्यांनी फ्रान्समध्ये शेकडो वेळा म्हटलं होतं आणि कोणी एवढं हसलं नव्हतं. 'नावं ठेवणं' म्हणजे काय हे सांगितल्यावर ते बराच वेळ मान हलवत राहिले. "तुमची भाषा माझ्या बाजूनं आहे," म्हणाले.

एकदा भोसरीतून जाताना त्यांनी अचानक गाडी थांबवायला लावली. रस्त्यापलीकडे रंगाचं दुकान होतं आणि पाटीवर मालकाचं आडनाव, लांडगे. इतक्या दिवसांत साहेबांना देवनागरी अक्षरं लागायला लागली होती. "लांडगे," त्यांनी वाचलं. "मागे तुम्ही सांगितलं होतं. लांडगा म्हणजे 'लू'. बरोबर?" मी हो म्हटलं. ते उतरले, रहदारीतून वाट काढत दुकानात शिरले. मी धावत मागे. दुकानदाराला वाटलं मोठी ऑर्डर आहे. साहेबांनी त्याचा हात धरला आणि म्हणाले, "मी कोल्हा." दुकानदार शांतपणे म्हणाला, "बरं. मी लांडगे. कुठला रंग देऊ?"

साहेबांनी एक ब्रश विकत घेतला. तो त्यांना कशालाही लागणार नव्हता. गाडीत परत आल्यावर त्यांचे डोळे भरून आले होते आणि मला काही समजेना. इथे भोसरीत या आडनावाची माणसं भरपूर आहेत, एवढं मी सांगितलं. ते म्हणाले, "भरपूर आहेत हे ऐकून बरं वाटलं."

त्यांच्या मुक्कामाच्या दुसऱ्या वर्षी दुसऱ्या शॉपमधून आमच्या लाइनवर मेंटेनन्सला दत्ताभाऊ कोल्हे आले. चाकणच्या पुढे भामा नदीच्या बाजूला त्यांचं गाव. घरची शेती, वर कंपनी, असा दोन्हीकडे पाय. आल्यावर आठवडाभरातच ते हातात ड्रॉइंग घेऊन माझ्यापाशी आले. "मॅडम, साहेबांनी जॉइंटा-जॉइंटावर स्वतःचं नाव का टाकलंय?"

बघते तर जागोजागी साहेबांच्या आडनावासारखाच शब्द. फ्रेंचमध्ये कॉटर पिनला, म्हणजे भोकातून आरपार घालून टोकं वाकवायच्या पिनेला, 'गूपीय' म्हणतात. हे साहेबांना सांगितलं तेव्हा ते हसून हसून खाली बसले. म्हणाले, शब्द एकाच घराण्यातले आहेत, ती माझी आत्या समजा. तेव्हापासून लाइनवर पिन सापडेना की कोणीतरी ओरडायचं, "साहेबांची आत्या कुठं ठेवली रे?"

त्याच वेळी साहेबांनी दत्ताभाऊंचा बिल्ला वाचला. "कोल्हे?" त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. दोघांनी एकमेकांचे हात धरले ते सुटेनात.

दत्ताभाऊ चौकस माणूस. त्यांनी विचारलं, "मग तिकडं कोल्ह्याला गूपीच म्हणतात का?"

साहेब म्हणाले, नाही, आता 'रनार' म्हणतात. पूर्वी गूपी म्हणत. पण फार जुन्या काळी कोणीतरी एका लबाड कोल्ह्याच्या गोष्टी रचल्या आणि त्या कोल्ह्याला माणसाचं नाव दिलं, रनार. गोष्टी इतक्या आवडल्या की लोक सगळ्याच कोल्ह्यांना रनार म्हणायला लागले आणि मूळ शब्द विसरून गेले. तो आता कुठे राहिलाय, तर फक्त आडनावात.

मी दत्ताभाऊंना म्हटलं, "म्हणजे असं बघा, उद्या आपण गाढवाला गणपत म्हणायला लागलो आणि गाढव हा शब्दच विसरलो, तसं."

"आमच्या गावात दोन-तीन आहेत तसे," दत्ताभाऊ म्हणाले. मग साहेबांकडे वळून, "साहेब, तुम्ही आमचे भाऊबंदच निघालात की. चैत्रात भैरवनाथाची जत्रा आहे. यायला लागतंय."

जत्रेच्या दिवशी ऊन रणरणत होतं. दत्ताभाऊंनी साहेबांना गुलाबी फेटा बांधला. साहेबांची उंची आणि वर फेटा, घराच्या दारातून आत जाताना त्यांना जवळजवळ रांगावं लागलं. आत ओसरीवर दत्ताभाऊंचे वडील बसले होते. सगळे त्यांना तात्या म्हणायचे. सुकलेले, बुटके, डोळे मात्र तीक्ष्ण. बाहेर ढोल वाजत होते, पण घरातली माणसं जत्रेच्या दिवशी असावीत तशी दिसत नव्हती. बायका कुजबुजत होत्या. मी दत्ताभाऊंना विचारलं तेव्हा त्यांनी जे आधी सांगितलं नव्हतं ते सांगितलं.

देवाच्या पालखीला पुढून खांदा द्यायचा मान कोल्ह्यांचा. कोल्ह्यांच्या दोन पाती: तात्यांची थोरली आणि बबनअण्णांची धाकटी. उजवीकडे कोण उभं राहायचं यावरून दोन्ही पातींचं बिनसलं, ते इतकं की एकमेकांच्या दारात पाणी पीत नव्हते. दरवर्षी पालखीपाशी भांडण व्हायचं आणि शेवटी भलतेच कोणीतरी खांदा देऊन पालखी हलवायचे. गाव कंटाळलं होतं. यंदा कोल्हे एकत्र उभे राहिले नाहीत तर मान कायमचा दुसऱ्या घराण्याला द्यायचा, असं गावकीनं ठरवलं होतं.

तेवढ्यात बबनअण्णा स्वतःच अंगणात आले. उंचेपुरे, मिशीवाले. ओसरीवर चढले नाहीत. उभ्यानंच म्हणाले, "साहेब सगळ्या कोल्ह्यांचे पाव्हणे हायेत. जेवण आमच्याकडं बी केलंय."

तात्यांनी त्यांच्याकडे न बघता साहेबांना विचारलं, "पाव्हणं, आधी येक सांगा. तुमचं मूळ गाव कंचं? आन पाती कुठली, थोरली का धाकटी?"

प्रश्न साधा नव्हता. थोरली म्हटलं असतं तर साहेब इकडचे झाले असते, धाकटी म्हटलं असतं तर तिकडचे. मी साहेबांना पाती म्हणजे काय ते समजावलं, दोन पातींचं भांडणही थोडक्यात सांगितलं. त्यांनी हातातला सरबताचा पेला खाली ठेवला. डोक्यावरचा फेटा काढून मांडीवर घेतला. एवढा मोकळा माणूस, पण त्याचा आवाज त्या दिवशी पहिल्यांदा मी खाली गेलेला ऐकला.

"यांना सांगा," ते मला म्हणाले, "की मी खरा कोल्हा नाही. मला हे आधीच सांगायला हवं होतं."

मग ते एकेक वाक्य बोलत गेले आणि मी एकेक वाक्य मराठीत करत गेले.

त्यांचे आजोबा टाकलेलं मूल होते. कोणीतरी त्यांना कपड्यात गुंडाळून एका इस्पितळाच्या दारात ठेवून गेलं. अशा मुलांना नावं द्यायचं काम तिथल्या कारकुनाकडे असे. रोज नवी मुलं, रोज नवी नावं. त्यालाही कंटाळा येत असणार. एखाद्या दिवशी तो महिन्यांची नावं द्यायचा, एखाद्या दिवशी झाडांची. त्या दिवशी तीन मुलं आली होती आणि त्यानं जनावरं-पाखरांची नावं काढली. एक मुलगा लांडगा, एक मुलगी मेर्ल नावाचं काळं पाखरू आणि तिसरे साहेबांचे आजोबा, गूपी. कोल्ह्याचा तो जुना, मेलेला शब्द त्याला ठाऊक होता म्हणजे कारकून शिकलेला असावा.

"लहानपणी मला वाटायचं, आमचे केस तांबडे म्हणून आम्ही कोल्हे," साहेब म्हणाले. "मग वडिलांनी हे सांगितलं. आमच्या मागे कोणी नाही. गाव नाही, पाती नाही. एका माणसानं दुपारी सुचेल ते नाव दिलं. मी जन्मभर दुसऱ्यांच्या आडनावांचे अर्थ शोधले, कारण माझ्यात शोधायला काही नव्हतं. ते दोघं, लांडगा आणि पाखरू, तेच आमचे भाऊबंद. ते कधी सापडले नाहीत. कुठे लांडगा नावाचा माणूस भेटला की मी त्याचा हात धरतो."

तेव्हा मला भोसरीतला तो ब्रश कळला.

बाहेर ढोल चालूच होते. तात्या पान चघळत राहिले. मग त्यांनी मला विचारलं, "तीन पोरं. कोल्हं, लांडगं आन पाखरू. व्हय?"

"हो, तात्या."

"ती तिघं आपसांत कधी भांडली न्हाईत?"

मी विचारलं. साहेब म्हणाले, "भेटलेच नाहीत."

"म्हणून," तात्या म्हणाले. "भेटली असती तर भांडली असती. भावकी हाय म्हटल्यावर."

कोणीतरी हसलं. अंगणात बबनअण्णांची मिशी हलली. तात्या साहेबांकडे वळले आणि मी समोर नसल्यासारखं थेट त्यांच्याशी बोलायला लागले. "आवं, आमच्यात बी कुणीतरी पयला असंलच की. त्याला कुणी कोल्हं म्हणलं म्हणून आमी कोल्हे झालो. त्याचा बाप कोण, आजा कोण, हितं कुणाला ठावं हाय? बबन, तुला ठावं हाय?"

"न्हाई," बबनअण्णा म्हणाले. माझ्या मते त्या दोघांमध्ये बऱ्याच वर्षांनी झालेलं ते पहिलं संभाषण.

"मला बी न्हाई. तुमाला निदान पयला मानूस तरी ठावं हाय. आमच्यापरास बरं हाय तुमचं." तात्यांनी साहेबांच्या मांडीवरचा फेटा उचलला आणि त्यांच्या हातात दिला. "बांधा. ज्याला पातीच न्हाई त्यो पुढं उजवीकडं उभा ऱ्हाईल. मंग कोण उजवा आन कोण डावा, भांडायचं कारनच न्हाई."

मी हे साहेबांना सांगितलं. त्यांनी दोनदा विचारलं, "नक्की असंच म्हणाले?"

पालखी उचलायची वेळ आली आणि नवीच अडचण झाली. साहेबांनी पुढून खांदा दिला तशी पालखी त्यांच्या बाजूनं वर गेली आणि शेजारी उभ्या असलेल्या तात्यांचा खांदा दांड्याला लागेचना. तात्या टाचा उंचावून बघत होते. देव तिरका झाला. पुजारी ओरडायला लागले. सगळ्या कोल्ह्यांत साहेबांच्या उंचीला लागेल असा एकच माणूस होता, बबनअण्णा. तात्या क्षणभर तसेच उभे राहिले. मग बाजूला झाले आणि म्हणाले, "ये रं. देव पडंल."

बबनअण्णा आले. दांडा सरळ झाला. तात्या पालखीच्या पुढे चालायला लागले, गुलाल उधळत, जणू आधीपासून असंच ठरलं होतं. साहेब गुलालानं इतके माखले की केसांचा जुना रंग परत आल्यासारखा वाटला. ढोलाच्या तालावर पाय टाकायचा प्रयत्न करत होते आणि एकही ठेका बरोबर पडत नव्हता. बबनअण्णा त्यांना "डावा, डावा" म्हणून सांगत होते.

जेवणाची पंगत एकच बसली. लापशी, आमटी, भात. मी साहेबांच्या शेजारी बसले होते. एक म्हातारी वाढत आली, माझ्याकडे बघून म्हणाली, "तू कुनाची गं?"

"गायकवाड."

"कुठले गायकवाड?"

मी म्हटलं, "कासारवाडीचे." तिला काय समजायचं ते समजलं असावं. तिनं वाढायचं मात्र थांबवलं नाही. तिनं लापशीवर तूप घातलं आणि पुढं गेली. साहेबांनी हळूच विचारलं, "काय विचारलं तिनं?" मी म्हटलं, "तेच." ते म्हणाले, "आणि?" मी म्हटलं, "आणि तूप." ते समाधानानं जेवायला लागले.

भांडण त्या दिवशी पुरतं मिटलं असं नाही. बांधावरून, पाण्यावरून पुढेही दोन्ही पातींची कुरकुर चालायची, असं दत्ताभाऊ सांगत. पण मान कोल्ह्यांकडेच राहिला आणि पुढच्या दोन्ही जत्रांना साहेब आणि बबनअण्णा खांद्याला खांदा लावून उभे राहिले. साहेब घरी मराठी शिकायला लागले होते. त्यांच्या मराठीत चाकणच्या पुढच्या गावांचा वास यायला लागला. ऑफिसातल्या मीटिंगमध्ये "न्हाई" म्हणायचे, आणि पुण्याहून आलेल्या मॅनेजरांना ते फ्रेंच वाटायचं.

ते परत गेले ती दुपार मला स्पष्ट आठवते. त्यांनी निरोपसमारंभ करू दिला नाही. लाइनच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत प्रत्येकाला भेटत गेले, उकिरडेला, आगलाव्यांना, दत्ताभाऊंना. मला म्हणाले, "तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं बोललात, चार वर्षं." मग टॅक्सीत बसून गेले. विमान रात्रीचं होतं, भरपूर वेळ होता.

पहिली शिफ्ट सुटल्यावर आमची बस निघाली आणि चाकणच्या चौकात अडकली. तिथली कोंडी रोजचीच, पण त्या दिवशी नव्या गाड्या लादलेला एक लांब ट्रेलर वळताना आडवा अडकला होता आणि चारही बाजूंनी सगळं तुंबलं होतं. हवालदार ट्रेलरला मागे घ्यायला लावत होते. आमचा ड्रायव्हर काचेतून बघत म्हणाला, "मॅडम, ते बघा. तुमचे साहेब."

चौकाच्या मधोमध गूपीसाहेब उभे होते. कोट काढलेला, बाह्या वर सारलेल्या, दोन्ही हात पसरलेले. एका हातानं त्यांनी रिक्षा थांबवल्या होत्या आणि दुसऱ्या हातानं कांद्याच्या गोणी भरलेल्या टेम्पोला बोलावत होते. सगळे त्यांचं ऐकत होते. इतका उंच माणूस इतक्या खात्रीनं हात दाखवतोय म्हटल्यावर कोण ऐकणार नाही. हळूहळू ट्रेलर सुटला आणि गाड्यांचा लोंढा एकदम वाहायला लागला. त्या लोंढ्यात साहेबांची टॅक्सीही पुढे गेली. मागे इतके हॉर्न वाजत होते की तिला थांबताच येईना. ड्रायव्हर डोकं बाहेर काढून मागे बघत होता आणि पुढे पुढे जात होता.

साहेब तिच्या मागे धावायला लागले. लांब लांब पाय टाकत, हसत, धुळीतून. कांद्याचा टेम्पो त्यांच्या शेजारी आला, जरासा मंद झाला, आणि मागच्या फळीवरच्या माणसांनी सरकून जागा केली. साहेब चढले. गोणींवर उभे राहून एका हातानं दोरी धरून दुसऱ्या हातानं ते टॅक्सी कुठे गेली ते दाखवत होते आणि केबिनच्या टपावर थापा मारून ड्रायव्हरला ओरडून सांगत होते. घाईत मराठी विसरून गेले असावेत; मला बसमध्ये ऐकू आलं ते फ्रेंचच होतं, "डावीकडे, डावीकडे."

टेम्पो बरोबर डावीकडे वळला.